कोड सख्ख्या बहिणीलाही सांगू नये

॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व),
१० सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास,
नीलाचा सा. न. वि. वि.

गणपती पार पडले. यंदा आपल्यापैकी कुणीच गावाला गेलं नाही, त्यामुळे आरतीला कोण उशिरा आलं आणि कुणाच्या मोदकाची पारी फाटली यातलं काहीच कानावर आलं नाही. दोन दिवस चुकल्या चुकल्यासारखं वाटलं.

फोनच करणार होते, पण मागचा अनुभव ताजा आहे. मी तुला विचारत होते गुडघ्याला कुठलं तेल लावतोस, आणि तू मला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त सांगत होतास. खालच्या मजल्यावरच्या रचनाने मात्र माझं ओरडणं नीट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन वर आली. तेव्हा आपलं पत्रच बरं. कानातलं यंत्र तू कपाटात ठेवून दिलं आहेस असं सुशांतकडून कळलं. कपाटाला हल्ली छान ऐकू येत असेल.

आता मुद्द्याचं. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे, गुरुवारी. दीड महिना आधी लिहिते आहे, म्हणजे ऐन वेळी कळलं असं म्हणायला तुला जागा नको. शीलावहिनी गेल्या त्या दिवाळीला तू येणार नाहीस हे मी धरूनच चालले होते. पुढल्या वर्षी तुझ्याऐवजी मिक्सर आला. गेल्या वर्षी इंडक्शनची शेगडी आली. मी रीतसर पाट मांडला, त्यावर शेगडीचा खोका ठेवला आणि ओवाळला. मेघनाची मैथिली कॉलेजातून जेवायला आली होती, तिने आजीचा तसा फोटोसुद्धा काढला. शेगडी गुणाची आहे, तक्रार नाही. पण मला भाऊ एकच आहे आणि तो वर्तकनगरात राहतो, अमेरिकेत नाही.

यंदा मला वस्तू नको. तू ये.

सुशांत-संचिताला आशीर्वाद. लोभ आहेच, या वेळी त्याने जिना चढून यावं ही विनंती.

तुझी,
नीला


॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे,
१७ सप्टेंबर २०२५

चि. नीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे १० तारखेचे पत्र पावले. मजकूर समजला. टोमणेही समजले.

येण्याबद्दल म्हणशील तर तुझा जिना तीन मजल्यांचा आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट बसणार ही बातमी मी नोकरीत असल्यापासून ऐकतो आहे. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. शिवाय भरल्या घरात चार माणसे एकदम बोलू लागली की मला नुसते ओठ हलताना दिसतात. मग मी आपला हसतो. मागे एकदा असाच हसलो, तर समोरचे गृहस्थ त्यांच्या बायपासबद्दल सांगत होते. आणखी एक कारण आहे, ते राहू दे.

तेव्हा यंदा मी तुला कपडे धुण्याचे मशीन पाठवतो आहे. नको म्हणू नकोस, कारण ही कल्पना माझी नाही. शीला दर दिवाळीला तुझ्या घरून परतताना रिक्षात एकच गोष्ट सांगायची, की नीलावन्संच्या बोटांकडे जरा बघा, चादरी पिळून पिळून सांधे सुजले आहेत, एक मशीन घेऊन द्या. मी दर वेळी म्हणायचो, पुढल्या दिवाळीला बघू. असे निदान सहा वेळा म्हणालो असेन. आता दाखवायला ती राहिली नाही, पण मशीन घ्यायचे राहिले आहे ते तरी करू दे.

सध्या पितृपंधरवडा आहे, म्हणून ऑर्डर घटस्थापनेच्या दिवशी देतो. बटणे सुशांत दाबेल. मोबाइल नंबर मात्र माझाच द्यायचा असे त्याला बजावले आहे. व्यवहार माझा, तर नंबरही माझा.

हे सांगायचे राहिलेच, की इथल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्याने देतो. छत्तीस वर्षे बँकेच्या तिजोरीची किल्ली सांभाळली, तो अनुभव वाया का घालवा? फोनवर येणारा कोड सख्ख्या बहिणीलाही सांगू नये, हे माझे वाक्य इतके गाजले आहे की ते आता फळ्यावर कायमचे लिहून ठेवले आहे.

प्रकृतीस जप. लोभ आहे, तो सध्या खोक्यातून स्वीकारावा.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे,
२६ सप्टेंबर २०२५

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाईने लिहितो आहे, कारण तुला सावध करणे जरूर आहे. आज मी एका टोळीचा डाव उधळून लावला.

सकाळी साडेअकराच्या सुमारास फोनवर चार आकडी कोड आला. पाठोपाठ एका पुरुषाचा फोन. काय म्हणत होता ते कळले नाही, पण घाईत होता. घाई हे भामट्याचे पहिले लक्षण, हे मी व्याख्यानात नेहमी सांगतो. मग एका बाईचा फोन. ती ओरडत होती. तिला मी, जेवण व्हायचे आहे, असे सांगून फोन ठेवला. आणि मग खरा कळस. चक्क तुझ्या नंबरवरून मेसेज, इंग्रजी अक्षरांत, की दादा आजोबा प्लीज कोड पाठवा, अर्जंट. नीला, तू जन्मात मला प्लीज म्हटलेले नाहीस आणि मी तुझा आजोबा नाही. चोर शेवटी असाच पकडला जातो. मी तुझा नंबर तत्काळ ब्लॉक केला, म्हणजे तुझ्या नावाने पुन्हा त्रास नको.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळा प्रसंग सांगितला. टाळ्या पडल्या. सीताराम असताना वर्तकनगरात कुणी फसणार नाही, असे अध्यक्ष म्हणाले, निदान संचिताने मला तसे लिहून दाखवले. शाल आणि नारळ मिळाला.

तुझा फोन कुणाच्या हाती गेला आहे का ते बघ. आणि हो, मशीन आजच येणार होते. आले का?

लोभ असावा, सावधपणे असावा.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व),
३० सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास,
नीलाचा सा. न. वि. वि.

शाल-नारळाबद्दल अभिनंदन. आता टोळीची माहिती ऐक.

टोळीचा म्होरक्या साईनाथ नावाचा पन्नाशीचा गृहस्थ आहे, शहाडच्या गोदामातून टेम्पो घेऊन येतो. त्याचे दोन साथीदार हमाल आहेत. या तिघांनी २६ तारखेला आपलं मशीन खांद्यावर घेऊन तीन मजले चढवलं. दुसऱ्या मजल्यावर वळण अरुंद आहे, तिथे रचनाने तिच्या तुळशीची कुंडी उचलून आत घेतली तेव्हा खोका वळला. माझ्या दारात मशीन टेकवून साईनाथने घाम पुसला आणि कोड मागितला. ज्याच्या नंबरवर ऑर्डर असते त्याच्याच फोनवर कोड जातो, तो सांगितल्याशिवाय वस्तू घरात ठेवायची नाही, असा त्यांचा नियम आहे म्हणे.

त्याने तुला फोन केला. घाईत असलेला पुरुष तो. मग त्याच्याच फोनवरून मी केला. ओरडणारी बाई मी. तुझं जेवण व्हायचं आहे हे ऐकून साईनाथने पुन्हा घाम पुसला. शेवटी मैथिली म्हणाली की आजोबांना मेसेज वाचता येतो, मी लिहिते. प्लीज तिचं. तिला चांगलं वळण लावलं त्याची ही शिक्षा.

मशीन आणि माझं न्हाणीघर यांच्यात आठ पावलं होती. पंधरा मिनिटं आम्ही सगळे तुझ्या उत्तराची वाट बघत मशीनभोवती उभे होतो. मग कोडची मुदत संपली, आणि तिघांनी ते उचलून पुन्हा तीन मजले उतरवलं. जाताना साईनाथ एवढंच म्हणाला की मावशी, तुमचे भाऊ पोलिसात होते का.

चादरी अजून बादलीत आहेत. पुढची फेरी ८ ऑक्टोबरला. माझा नंबर तेवढा मोकळा कर.

लोभ आहे. तो ब्लॉक झाला नसेल तर कळव.

तुझी,
नीला


॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे,
४ ऑक्टोबर २०२५

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून वाईट वाटले. हमालांना झालेल्या त्रासाबद्दल विशेष. तत्त्वाच्या बाजूने माझे काही चुकले असे मात्र मला वाटत नाही. समजा ती खरोखर टोळी असती तर?

तरी खात्री म्हणून तुझे हे पत्र तुझ्या जुन्या पत्रांशी ताडून पाहिले. तुझा ळ मॅट्रिकपासून उजवीकडे कलतो, तो तसाच आहे. सही जुळते. तेव्हा प्रकरण खरे आहे हे मी मान्य करतो. कट्ट्यावर अजून सांगितलेले नाही. शाल परत मागतील असे नव्हे, पण फळ्यावरचे वाक्य पुसतील.

सुशांतने तुझा नंबर मोकळा करून दिला. तो म्हणतो, ऑर्डरवर आत्याचाच नंबर टाकून देतो, एका मिनिटाचे काम आहे. मी ठाम नकार दिला. भेट मी देतो आहे, मध्येच नाव तुझे कसे चालेल? काळजी करू नकोस. ८ तारखेला कोड आला की तो सुरक्षित मार्गाने तुझ्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी माझी.

दसऱ्याचे सोने तुझ्या वाटणीचे देवापाशी ठेवले आहे. लोभ पूर्ववत चालू करण्यात आला आहे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे,
८ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०.५०

चि. नीलास आशीर्वाद.

कोड १०.४० ला आला. फोनवर सांगणे धोक्याचे, मेसेजमध्ये लिहिणे त्याहून धोक्याचे. म्हणून लाखेचे सील करून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. पोस्टात मी स्वतः जातो.

कोड असा: चार, शून्य, सात, दोन.

वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाकावे. लोभाचे पुढच्या पत्रात.

दादा


॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व),
१० ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पोस्टाने काम चोख केलं. तुझं पाकीट दुसऱ्याच दिवशी, सील शाबूत, माझी सही घेऊन हातात दिलं. कोड पंधरा मिनिटं जगतो, हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य तू माझा ळ तपासताना वाचलं नसावंस.

पत्र फाडलं नाही. असं पत्र पुन्हा कोण लिहिणार मला? देवाच्या कपाटात ठेवलं आहे.

तर मशीन दुसऱ्यांदा वर आलं आणि दुसऱ्यांदा खाली गेलं. आता हमालांना जिन्याची कुठली पायरी फुटकी आहे ते पाठ झालं आहे. रचना कुंडी आधीच आत घेऊन ठेवते. मी तिघांसाठी पोहे केले होते, ते त्यांनी मशीनवरच बशा ठेवून खाल्ले. तुला मी दोनदा फोन लावला. नंतर संचिताकडून कळलं की तू फोन घरी ठेवून पोस्टात गेला होतास, म्हणजे वाटेत तो कुणी हिसकावू नये. साईनाथने दुसरा एक मार्ग सुचवला होता, पण तो मला पटला नाही.

आता नीट वाच, हस्ताक्षर नंतर तपास. तीनच फेऱ्यांचा नियम आहे. तिसऱ्यांदा कोड मिळाला नाही तर ऑर्डर आपोआप रद्द होते आणि मशीन जिथून आलं तिथे परत जातं. तिसऱ्या फेरीचा दिवस आपण सांगायचा असतो. मी २३ ऑक्टोबर सांगितला आहे, सकाळी अकरा. हो, भाऊबीज.

कोड तुझ्या फोनवर येणार. फोनवर तुला ऐकू येत नाही. मेसेज तू करत नाहीस. पोस्टाला उशीर होतो. फोन दुसऱ्याच्या हाती देणं तुझ्या व्याख्यानात बसत नाही. म्हणजे फोन जिथे असेल तिथे तू असणार, आणि फोन इथे हवा. वहिनींनी सहा वेळा सांगितलेलं मशीन माझ्या दारातून कायमचं परत पाठवायचं की नाही ते तुझ्यावर आहे.

मला मशीनचं एवढं नाही. बोटं सुजतात हे खरं, पण सवय आहे. तू न येण्याची नाही सवय झाली मला, तीन वर्षं झाली तरी.

लोभ असू दे. वाट बघते.

नीला


॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. हस्ताक्षर तपासले नाही.

मागे मी एक कारण राहू दे म्हटले होते, ते आता लिहितो. तुझ्याकडे मी कधी एकटा आलेलोच नाही. लग्नानंतर प्रत्येक भाऊबीजेला शीला बरोबर होती. तू दार उघडायचीस, मला ये म्हणायचीस आणि लगेच माझ्या खांद्यामागे बघून तिच्याशी बोलायला लागायचीस. माझ्या अंगावरचा शर्ट नवा आहे हे तुला कधी कळलेच नाही. शेवटची काही वर्षे माझे कान गेल्यावर तीच माझ्या शेजारी बसून कुणी काय म्हटले ते माझ्या हातावर टिचकी मारून सांगायची. ती गेल्यापासून चार माणसांत मी काचेपलीकडे बसल्यासारखा बसतो.

मला भीती वाटते नीला, की तू दार उघडशील आणि सवयीने माझ्या मागे बघशील. तुझा चेहरा त्या वेळी कसा होईल तो मला बघायचा नाही. म्हणून मी मिक्सर पाठवला. म्हणून शेगडी पाठवली. खोक्याच्या मागे कुणी बघत नाही.

काय करावे ते कळत नाही. मशीन परत जाऊ नये असे वाटते. जिना तीन मजल्यांचा आहे. सुशांत म्हणतो, गाडीने दारापर्यंत सोडतो. दारापर्यंतचे काही नाही.

लोभ आहे, हे निराळे सांगायला नको.

दादा


डोंबिवली,
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

ती. स्व. दादास,

पत्र पोचलं. पोहे अकरा वाजता आहेत. तुझ्या पोह्यांवर ओलं खोबरं जास्त.

नीला


॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व),
२७ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
नीलाचा सा. न. वि. वि.

तू तीन तास बसलास, सगळ्यांकडे बघून मान डोलावलीस आणि चुकीच्या ठिकाणी दोनदा हसलास. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं त्यातलं निम्मं तुला कळलेलं नाही हे मला दिसत होतं. हातावर टिचकी मारून सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहून पाठवते.

साईनाथ मशीन घेऊन वर आला तेव्हा त्याने मला हळूच विचारलं की हेच का ते भाऊ. मी हो म्हटलं. त्याला तू अंगाने बराच मोठा असशील असं वाटलं होतं. मग तू त्याचं ओळखपत्र मागितलंस, चष्मा लावून फोटो आणि चेहरा ताडून बघितलास, आणि त्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट मोठ्याने वाचलंस. त्यावर तो हमालांना म्हणाला की नोकरीला लागल्यापासून हे कार्ड वाचणारा हा पहिला माणूस. तू तिघांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलंस आणि कोड त्याच्या फोनवर स्वतः दाबलास. पहिल्यांदा चुकला, कारण तू बाराखडी गिरवल्यासारखा एकेक आकडा दाबत होतास. तेवढा वेळ ते तिघं शहाण्या मुलांसारखे कॅलेंडर बघत होते आणि जिन्यात रचना पदर तोंडात धरून हसत होती.

नंतर मी ओवाळताना मेघनाने तुला विचारलं की मामा, रात्री झोप लागते का. तू म्हणालास, चकली छान खुसखुशीत झाली आहे. तिला उत्तर हवं आहे. पत्राने कळव.

आता दाराचं. तू आधी आलास, मशीन नंतर. मी दार उघडलं आणि तुला ज्याची भीती होती तेच केलं, तुझ्या खांद्यामागे बघितलं. ठरवलं होतं बघायचं नाही, तरी बघितलं. तेव्हा तूही मान वळवून मागे बघितलंस. दोघं रिकाम्या जिन्याकडे बघत उभे राहिलो, किती वेळ कोण जाणे. मला रडू येणारच होतं, तेवढ्यात खालून साईनाथ ओरडला की मावशी, बाजूला व्हा, वर येतंय. तुला ते ऐकू आलं नाही. मी तुझा हात धरून तुला आत ओढलं ते त्यासाठी.

आणि शर्ट नवा होता. निळ्या बारीक रेघांचा. बघितला मी.

एक कबुली द्यायची आहे. दुसऱ्या फेरीला साईनाथने दुसरा मार्ग सुचवला होता असं मी लिहिलं होतं. तो मार्ग असा, की घेणाऱ्या माणसाने आधार कार्ड दाखवून सही केली तरी मशीन ठेवता येतं. गोदामाने खास परवानगी दिली होती. पेनसुद्धा त्याने माझ्या हातात दिलं होतं. मी नाही म्हटलं. तो चक्रावला, म्हणाला मावशी, आम्ही पुन्हा उतरवायचं का हे. मग मी त्याला सांगितलं की माझा भाऊ तीन वर्षं आलेला नाही, आणि या मशीनशिवाय तो येणार नाही. त्याने हमालांकडे बघितलं. हमाल उठले आणि त्यांनी खोका उचलला. २३ तारीख त्यानेच सुचवली. भाऊबीजेला तिघांना करंज्यांचे डबे दिले ते त्यासाठी. तर दुसरी फेरी तुझ्यामुळे फुकट गेली नव्हती. ती माझी होती.

मशीन न्हाणीघराबाहेर उभं आहे. जुनी साडी घालून ठेवली आहे त्याच्यावर. कपडे अजून बादलीतच धुते, कारण ते जोडून चालवून दाखवणारा माणूस निराळा असतो, तो ९ नोव्हेंबरला, रविवारी यायचा आहे. सुशांतला विचारून घे, पण मला कळलं ते असं की त्याचाही कोड असतो. आणि तो ऑर्डरवरच्याच नंबरवर जातो.

लोभ होताच. आता त्याला जिना माहीत झाला आहे.

तुझी,
नीला


॥ श्री ॥
वर्तकनगर, ठाणे,
३१ ऑक्टोबर २०२५

चि. नीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. ज्या फसवणुकीपासून सावध राहा म्हणून मी दोन वर्षे कट्ट्यावर घसा कोरडा करतो आहे, ती माझ्या सख्ख्या बहिणीने, तीन साथीदार घेऊन, माझ्यावर यशस्वी करून दाखवली. छत्तीस वर्षांत असा प्रकार पाहिला नव्हता. पुढच्या व्याख्यानात हा दाखला देणार नाही.

मेघनाला सांग, झोप लागत नव्हती. २३ तारखेला लागली. चकलीबद्दलही जे बोललो ते खरे आहे.

कानातले यंत्र कपाटातून काढले आहे. फार शिट्ट्या मारते, पण काल संचिताने दुधाबद्दल विचारले आणि मी दुधाबद्दलच उत्तर दिले.

९ तारखेच्या माणसाबद्दल सुशांतला विचारले. तो म्हणाला, एवढ्यासाठी तीन मजले कशाला चढताय, नंबर बदलून आत्याचा टाकतो, एका मिनिटाचे काम आहे. मी त्याला सांगितले, हात लावू नकोस. व्यवहार माझा, नंबरही माझा.

रविवारी अकराला पोचतो. लोभ आहे, तो कोडसकट स्वतः घेऊन येतो आहे.

तुझा,
दादा